दहा हजार ओहमची पडताळणी

बाबा आमच्याकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले त्या उन्हाळ्यात माझ्या पीएचडीचं चौथं वर्ष संपत आलं होतं, आणि माझ्या वहीत एक आकडा होता जो जगात सगळ्यांचा सारखा येत होता आणि फक्त माझा वेगळा येत होता.

बाबा एकटेच आले. आई अमरावतीला शाळेत शिकवायची, तिच्या निवृत्तीला अजून एक वर्ष होतं आणि सुट्टी वाढवून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर ते वजनमापे निरीक्षक होते. तालुक्याच्या बाजारात जायचं, दुकानदारांची वजनं, तराजू, तेलाची मापं तपासायची. बरोबर असतील तर वजनाच्या भोकात भरलेल्या शिशावर त्या वर्षाचा ठसा मारायचा आणि चुकीची असतील तर जप्त करायची, हे त्यांचं काम. त्यांच्या खात्याच्या पितळी वजनांची एक लाकडी पेटी असायची. आतून मखमल लावलेली. लहानपणी आम्हा भावंडांना ती पेटी उघडायची परवानगी नव्हती. वजनाला हात लागला की हाताचं तेल लागतं, एवढंच ते सांगायचे.

पिस्कॅटवेला आमचं दुसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट होतं. नवरा एका विमा कंपनीत प्रोग्रामर होता, सकाळी सातला निघायचा. मी तासभर ड्राइव्ह करून माझ्या विद्यापीठात जायची. दिवसभर बाबा घरी एकटे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक काकू त्यांना दुपारी चहाला बोलवायच्या, पण रोज कसं जाणार. मग बाबा चालायला निघायचे आणि दिसेल ते तपासायचे. सुपरमार्केटमधला भाजीचा लटकता काटा. दुधाच्या गॅलनवरची खूण. पण सर्वात जास्त आवडला तो गॅस स्टेशनचा पंप. त्यावर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वजनमापे खात्याचं गोल स्टिकर होतं, वर्ष छापलेलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते गाडीतून उतरून चष्मा वर करून ते वाचतच राहिले. पेट्रोल भरणाऱ्या माणसाला वाटलं काहीतरी तक्रार आहे.

"एनी प्रॉब्लेम, सर?" त्यानं विचारलं.

"नो प्रॉब्लेम. आय ॲम रिटायर्ड इन्स्पेक्टर," बाबा म्हणाले. "युअर पंप इज व्हेरिफाइड."

गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "बघ, इथंही आमचाच माणूस येऊन गेलाय."

माझ्या कामाबद्दल ते थोडं थोडं विचारायचे आणि मी थोडं थोडं सांगायची. एक दिवस म्हणाले, "मला तुझी लॅब दाखव. तुझ्या आईनं सांगितलंय, बघून ये म्हणून." आईनं असं काही सांगितलं असेल असं मला वाटलं नाही, पण मी होकार दिला.

आमच्या लॅबमध्ये काय चालायचं ते थोडक्यात सांगते. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धवाहकाचा एक तुकडा, नखापेक्षाही लहान. त्यावर दुसऱ्या अर्धवाहकाचा थर वाढवलेला असतो. या दोहोंच्या सांध्यात इलेक्ट्रॉन असे अडकतात की त्यांना आडवंतिडवं कुठंही पळता येतं, पण वर किंवा खाली हलता येत नाही. खेळातल्या पत्त्याच्या जाडीत नाही, तर फक्त त्याच्या पृष्ठभागावर राहिल्यासारखं. तो तुकडा द्रव हेलियममध्ये बुडवून कमालीचा थंड करायचा, वरून जोरदार चुंबकीय क्षेत्र लावायचं, एका दिशेनं वीज सोडायची आणि तिच्या आडव्या दिशेला किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. क्षेत्र वाढवत नेलं की हा आडवा रोध वाढत जातो. साध्या तापमानाला तो सरळ रेषेत वाढतो. पण त्या थंडीत तो पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. थोडा चढ, मग लांब सपाट पायरी, पुन्हा चढ, पुन्हा पायरी. आणि नवल असं की त्या पायरीची उंची तुकड्यावर अवलंबून नसते. तुकडा लांब असो, आखूड असो, थोडा अशुद्ध असो, पायरी तिथंच. निसर्गाच्या दोन मूळ स्थिरांकांनी ती ठरलेली. हा शोध लागून तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती आणि प्रत्येक मोठ्या विद्यापीठात कुणी ना कुणी ती पायरी मोजत बसलं होतं.

माझं काम होतं, मुद्दाम जास्त अशुद्ध केलेल्या तुकड्यांत ती पायरी खरंच तिथंच राहते का हे बघणं. आणि माझी राहत नव्हती. दहा लाखांत सहा भागांचा फरक येत होता. ऐकायला एवढासाच, पण आमच्या मोजणीत तो स्पष्ट दिसायचा. एका तुकड्यात आला, दुसऱ्यात आला, तिसऱ्यातही आला.

माझे प्राध्यापक तेव्हा पस्तीस-छत्तीसचे असतील. मनानं चांगले. सकाळी येताना माझ्यासाठी कॉफी आणायचे, माझ्या इंग्रजीतल्या चुका पेपरमध्ये हळूच सुधारून द्यायचे, बोलून दाखवायचे नाहीत. त्याच वर्षी त्यांची टेन्युअरची, म्हणजे विद्यापीठात कायम होण्याची, फाइल जाणार होती. अशुद्धतेनं पायरी हलते हे आम्ही पहिल्यांदा दाखवलं असतं तर सगळ्यांनी आमच्याकडे वळून बघितलं असतं. पेपरचा मसुदा तयार होता. त्यावर त्यांच्या आधी माझं नाव होतं. मसुदा काढून ते नाव मी किती वेळा वाचलं ते सांगायला लाज वाटते.

बाबा लॅबमध्ये आले तो मंगळवार होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आमचा तंत्रज्ञ, साठीच्या जवळ आलेला, पूर्वी नौदलात होता, हेलियमचं यंत्र तोच सांभाळायचा. त्यानं बाबांना हेलियम कसा भरतात ते दाखवलं. पांढरी वाफ जमिनीवर पसरली तेव्हा बाबा एक पाऊलही मागे सरले नाहीत. दोघांचं जमलं. बाबांचं इंग्रजी सरकारी अहवालांतलं आणि त्याचं बंदरावरचं, पण हातवारे करून दोघांनी बराच वेळ काहीतरी एकमेकांना समजावलं.

मग मी क्षेत्र वाढवायला सुरुवात केली आणि आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेन कागदावर पायऱ्या काढू लागलं. बाबा स्टुलावर बसून बघत होते. एक पायरी सपाट निघाली, लांबच लांब, तेव्हा ते पुढे वाकले.

"हे असं कुठंही येतं?"

"कुठंही. जर्मनीत, जपानमध्ये, दिल्लीत केलं तरी. तुकडा कोणताही घ्या."

"आमचं मूळ किलो पॅरिसजवळ तिजोरीत," ते म्हणाले. "तिथून दिल्लीला एक, दिल्लीहून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला, आणि मग माझ्या पेटीत. प्रत्येक पायरीला थोडी थोडी चूक. आणि तुमचं मूळ माप कुणाच्याही घरी?"

"असंच समजा."

"मग मूळ माप सगळीकडे सारखं, तर तुझं वेगळं कसं?"

मी त्यांना अशुद्ध तुकड्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष माझ्या मागे, कोपऱ्यातल्या तेलाच्या टाकीकडे होतं. "ही पायरी तुम्ही कशाशी ताडून बघता?"

त्या टाकीत आमचा प्रमाण रोध होता. तारेचं वेटोळं असलेली एक धातूची डबी, दहा हजार ओहमची. तापमान जरासुद्धा बदलू नये म्हणून ती तेलात बुडवून ठेवलेली असते. पायरीचा रोध या डबीशी ताडून काढायचा, हीच आमची मोजणी. मी ते सांगितलं.

"याची पडताळणी केव्हाची?"

"सर्टिफिकेट आहे, बाबा."

"बघू."

मी ड्रॉवरमधून कागद काढून दिला. चार वर्षांपूर्वीची तारीख होती. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, मागे काही नव्हतं तरी.

"मधल्या काळात हे कुठं हललं? पडलं? दुसऱ्या कुणाकडे गेलं?"

"दोन वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं शुद्ध तुकड्यावर मोजलं होतं. बरोबर आकडा आला होता."

"तो तुकडा आता ताडून बघितला?"

"तो तडकला. थंड-गरम होऊन होऊन."

"मग मधल्या दोन वर्षांत—"

"बाबा, हे बाजारातलं वजन नाही," मी म्हणाले.

मी हे मराठीत म्हणाले म्हणून तंत्रज्ञाला कळलं नसेल, पण त्यानं आवाजावरून मान वळवली. बाबांनी कागद घडी होती तशीच घालून मला परत दिला. मग जाईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही.

परतताना २८७ नंबरच्या हायवेला गाड्या खोळंबल्या होत्या. बाबा सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसले होते, नेहमीसारखे. माफी मागायची होती, पण बाबांची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. आमच्या घरात कुणी मागायचं नाही. मी उगाच विचारलं की एसी वाढवू का.

"नको," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "माझं पण एकदा असंच झालं होतं."

मी आठ वर्षांची असताना आम्ही मेळघाटाच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी होतो. तिथून आमची बदली अचानक, वर्षाच्या मध्येच झाली. त्या बदलीची गोष्ट आमच्या घरात ठरलेली होती. आई ती सांगायची: बाबांनी आठवडी बाजारात एका दिवसात इतकी खोटी वजनं पकडली की व्यापाऱ्यांनी वर जाऊन त्यांची बदली करवली. मी शाळेत त्यावर निबंध लिहिला होता. लग्नाआधी नवऱ्याला पहिल्यांदा भेटले तेव्हाही मी त्याला हीच गोष्ट सांगितली होती, आपण कुणाची मुलगी आहोत हे कळावं म्हणून.

"त्या दिवशी बाजाराला जाताना नदीला पाणी होतं," बाबा म्हणाले. "बैलगाडीतून गेलो. पेटीत पाणी शिरलं. मी वजनं पुसून घेतली. दोन किलोच्या वजनाला वरती गाठीखाली पोकळी असते, स्क्रू असतो. तिच्यात पाणी राहिलं. मला दिसलं नाही. काही ग्रॅमच, पण वजन जड झालं. म्हणजे समोरच्याचं प्रत्येक दोन किलोचं वजन माझ्यापुढे हलकं ठरणार."

"मग?"

"मग काय. एकामागून एक सगळ्यांची वजनं हलकी निघाली. मला वाटलं अख्खा बाजार लबाड आहे. आणि खरं सांगू का, मला आनंद झाला. एवढी मोठी केस माझ्या हातून. मी जप्त करत गेलो."

पुढची गाडी हलली. मी थोडी पुढे घेतली.

"एक बाई होती. लसूण आणि सुक्या मिरच्या विकायची. ती भांडली नाही. बाकीचे भांडले. ती फक्त म्हणाली, साहेब, गेल्याच महिन्यात तुम्हीच ठसा मारला ना यावर? बघा ना, तुमचाच ठसा आहे. मी बघितला. माझाच होता. तरी मी म्हटलं, ठसा मारल्यावर तू घासलं असशील. आणि घेतलं."

"चूक कळली केव्हा?"

"पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला पेटी तपासायला नेली. तिथल्या माणसानं स्क्रू उघडला आणि उलटं केलं. पाणी टेबलावर सांडलं." त्यांनी हातानं दाखवलं, कसं सांडलं ते. "पुढच्या बाजाराला मी सगळी वजनं घेऊन गेलो. एकेकाच्या हातात परत दिली, चूक माझी होती म्हणून सांगितलं. काही हसले, काही शिव्या देऊन गेले. ती बाई आली नव्हती. तिनं बाजारात बसणं सोडलं, लेकीच्या गावी गेली, असं लोक म्हणाले. मी त्या गावी दोनदा गेलो. भेटली नाही. भेटायचं नव्हतं तिला, किंवा खरंच तिथं नव्हती. मग मीच बदली मागितली. मला त्या बाजारात उभं राहवेना."

"पण आई तर..."

"तुझ्या आईला मी एवढंच म्हणालो की बाजारात गडबड झाली आणि बदली झाली. बाकी तिनं जोडलं. नीट सांगणारच होतो. मग एका लग्नात तिनं ती गोष्ट चारचौघांत सांगितली, माझ्याकडे बघत. त्यानंतर राहून गेलं."

वीस-बावीस वर्षं राहून गेलं होतं. राग आला म्हणावं तर राग नव्हता. पण ज्या गोष्टीला टेकून मी इतकी वर्षं उभी होते ती गोष्ट सरकली होती, आणि तरी शेजारी बसलेला माणूस मला आधीपेक्षा लहान वाटत नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला त्या गाडीत कळलं नाही. आता थोडं कळतं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी मी तंत्रज्ञाला विचारलं की तेलाच्या टाकीतली डबी गेल्या चार वर्षांत कधी बाहेर काढली होती का. टेबलाच्या खणातून त्यानं दुरुस्तीची वही काढली आणि पानं उलटली.

"दोन हिवाळ्यांपूर्वी पंप जळला होता," तो म्हणाला. "टाकी रिकामी केली. डबी बाकावर ठेवली होती. ती घसरून खाली पडली. फार उंचावरून नाही, इथून." त्यानं कमरेशी हात धरला. "मी त्या मुलाला सांगितलं होतं, तुझ्या आधीच्याला. त्यानं मीटर लावून बघितलं, ठीक आहे म्हणाला. साध्या मीटरवर ठीकच दिसणार."

"हे त्याच्या शुद्ध तुकड्याच्या मोजणीनंतर?"

त्यानं तारीख बघितली. "नंतर. महिनाभरानं." मग वही मिटत म्हणाला, "मी आणखी कुणाला सांगायला हवं होतं का?"

"मीच विचारायला हवं होतं," मी म्हणाले. चार वर्षं मी त्याच्या शेजारी काम केलं होतं आणि त्या वहीत काय असतं हे मला माहीत नव्हतं.

प्राध्यापक ऑफिसमध्ये पेपरचाच मसुदा वाचत होते. मी दार लावून घेतलं. सांगून झालं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"कमरेएवढ्या उंचीवरून पडून सहा भागांचा फरक? इतका?"

"तार ताणली जाऊ शकते. नक्की माहीत नाही. दुसऱ्या प्रमाण रोधाशी ताडून बघू या."

"आपला शुक्रवारी जातोय पेपर. पडताळणीला पाठवायचं म्हणजे दोन महिने. तोवर दुसरं कुणी छापेल." ते शांतपणेच बोलत होते. "आणि तीन तुकड्यांत तोच फरक आलाय. ते कसं?"

"डबी हलली असेल तर तिन्हीत तोच येईल."

ते खिडकीकडे बघत राहिले. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. आम्हाला तो फरक इतका हवा होता की तो तंतोतंत सारखा येतोय याचीच शंका यायला हवी होती, ती दोघांपैकी कुणालाच आली नव्हती.

"पेपर शुक्रवारी जाऊ दे," ते म्हणाले. "तपासून घेऊ. चूक निघाली तर मागे घेऊ."

माझा व्हिसा, माझी शिष्यवृत्ती, माझं शिफारसपत्र, सगळं त्या टेबलापलीकडे बसलेलं होतं. "मग माझं नाव काढा," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "किंवा थोडं थांबा. दुसऱ्या बिल्डिंगमधल्या गटाकडे नुकताच पडताळून आलेला रोध आहे. मी मागून आणते. पुढच्या बुधवारपर्यंत कळेल."

त्यांनी मसुद्याची पानं सरळ केली.

"बुधवार," ते म्हणाले, आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

तो रोध आम्ही शुक्रवारी आणला. अर्ध्या मैलाचंच अंतर, पण तंत्रज्ञानं स्वतःचा पिकअप ट्रक काढला आणि मला ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली डबी मांडीवर धरून बसायला लावलं. रस्त्यात जिथं जिथं खड्डा होता तिथं त्यानं गाडी चालत्या माणसापेक्षा हळू नेली. टाकीतल्या तेलात ती आमच्या डबीशेजारी बसवली आणि तापमान स्थिर व्हायला शनिवार, रविवार, सोमवार जाऊ दिले. त्या तीन दिवसांत मी घरी होते. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि तुझंच बरोबर निघालं तर? म्हणजे फरक खरा असेल तर?" मी म्हणाले मग फारच छान. तसं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. हे कबूल करायला हवं. सत्य कळावं म्हणून मी भांडले होते, पण कोणतं सत्य निघावं याबद्दल मी तटस्थ नव्हते.

बुधवारी दुपारी तुकडा थंड झाला. प्राध्यापक, तंत्रज्ञ आणि मी. चौथी पायरी. वीज सोडली, ताडून बघितलं. मी आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. जगात सगळ्यांचा येत होता तोच आकडा, आमच्या मोजणीच्या शेवटच्या अंकापर्यंत.

"वीज उलटी करा," प्राध्यापक म्हणाले. केली. तोच. तारा अदलाबदल केल्या. तोच. मग दोन्ही डब्या एकमेकींशी ताडून बघितल्या. आमची डबी सहा भागांनी घसरलेली होती.

प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. "ठीक आहे," ते म्हणाले, जाकीट उचललं आणि घरी गेले. त्यांना इतक्या लवकर घरी जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा बाबा डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून काकूंनी दिलेली मेथी निवडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला वाटलं त्यांना आनंद होईल, निदान समाधान तरी वाटेल. त्यांनी एक जुडी सोडवली.

"सरांना वाईट वाटलं असेल," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या मशीनवाल्या माणसाला कुणी काही बोललं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. त्यानं लिहून ठेवलं होतं." मग माझ्याकडे एक जुडी सरकवली. "बस. देठ घेऊ नकोस."

बाबा सप्टेंबरात परत गेले. विमानतळावर त्यांनी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही तिला आठवण करून देत जा, जेवायची," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. नोव्हेंबरात आईचं पत्र आलं. चार पानं, शाळेबद्दल, भावाबद्दल, आणि तिसऱ्या पानावर मधेच दोन ओळी: तुझ्या बाबांनी त्या बदलीचं सगळं सांगितलं. मी दोन दिवस बोलले नाही, मग बोलले. पुढे लगेच कुणाच्या तरी बारशाचा विषय होता.

माझा प्रबंध आणखी दीड वर्षानं झाला. लहानसा झाला. अशुद्ध तुकड्यांत पायरी हलत नाही, एवढंच त्यात होतं, पण आणखी नऊ तुकडे मोजून दाखवलेलं होतं. सुरुवातीला मला वाटायचं, यात काय सांगायचं. मग पाचव्या-सहाव्या तुकड्याला माझं मत बदलत गेलं. प्रत्येक तुकडा वेगळा, कुणी भेगाळलेला, कुणी डागाळलेला, काहींचे जोड मी स्वतः इंडियम नावाचा मऊ धातू लावून वाकडेतिकडे केलेले, आणि पेन कागदावर चढत चढत त्याच उंचीला येऊन सपाट व्हायचं. मला ते बघताना मोकळं वाटायचं. शोध म्हणून कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं, तरी ते इतकं मोठं होतं की त्यात माझ्या इच्छेला काहीच जागा नव्हती.

प्राध्यापकांना टेन्युअर मिळालं नाही. तो पेपर गेला असता तर मिळालं असतं का, ते मला माहीत नाही. गेला असता आणि मागे घ्यावा लागला असता तर काय झालं असतं, तेही माहीत नाही. त्यांनी टेक्ससमध्ये चिप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. माझा व्हायवा झाल्यावर दोन आठवड्यांनी ते निघाले. पुस्तकांची खोकी त्यांच्या गाडीपर्यंत न्यायला मी मदत केली. शेवटचं खोकं डिकीत बसत नव्हतं, त्यांनी ते पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला बेल्ट लावला.

"त्या उन्हाळ्यात आठवडाभर मला तू अजिबात आवडली नव्हतीस," ते म्हणाले.

"मला माहीत होतं."

"आठवडाभरच. पुढे मी स्वतःवर रागावलो होतो, तुझ्यावर नाही. ते तुला दिसलं नसेल. मी सांगायला हवं होतं."

मी म्हणाले, "माझ्या चुका तुम्ही न बोलता सुधारायचात. मला वाटलं हेही तसंच."

ते हसले, त्यांनी हात पुढे केला आणि आम्ही हस्तांदोलन केलं. गाडी पार्किंग लॉटमधून बाहेर पडून डावीकडे वळली. मी वर गेले. लॅब आता दुसऱ्या बिल्डिंगमधल्या गटानं घेतली होती. तंत्रज्ञानं हेलियम भरून ठेवला होता, नव्या विद्यार्थिनीला पहिल्यांदा क्षेत्र वाढवून दाखवायचं होतं, आणि वही उघडून ती माझी वाट बघत होती.